बायकोच्या नावावर सोडलेली प्रॅक्टिस

बायकोच्या हट्टापायी मी सीएची प्रॅक्टिस सोडली आणि नोकरी धरली, असं आमचे सगळे स्नेही मानतात. ते खोटं आहे. ती थाप माझीच.

नव्वदच्या दशकात गंगापूर रोडला, एका मिठाईच्या दुकानावर, माझी आणि माझ्या कॉलेजमित्राची फर्म होती. दोघं एकाच वयाचे, परीक्षाही एकदमच पास झालेलो. पण जिना चढून आलेली पार्टी मला विचारायची, "मोठे साहेब आहेत का?" मोठे साहेब म्हणजे तो, कारण पाटीवर त्याचं नाव आधी होतं. मी हसत आतल्या केबिनकडे बोट दाखवायचो. त्या बोटाचाच एक दिवस कंटाळा आला.

सातपूरच्या एका कारखान्यात ऑडिटला गेलो होतो. जेवताना मालक म्हणाले, "आमच्याकडेच या ना, अकाउंट्स सांभाळायला." ताक संपायच्या आत मी हो म्हणून मोकळा झालो.

बायको भडकली. "स्वतःची पाटी सोडून दुसऱ्याच्या गेटवर कार्ड पंच करणार? आणि भावजींना काय तोंड दाखवणार?"

मी भावजींना, म्हणजे त्या मित्राला, सांगितलं, "बायको फार मागे लागलीय रे, नोकरी धरा म्हणून. ऑडिटच्या दिवसांत मी घरात दिसत नाही, म्हणते." त्याने ते मानलं. बायकोपुढे कुणाचं चालतं?

नोकरी झकास होती. कंपनीची बस, कॅन्टीनची उसळ, रविवार आपला. पहिल्याच आठवड्यात मात्र सवयीने हिरवं पेन काढून मी व्हाउचरवर टिक मारत सुटलो. क्लार्क हळूच म्हणाला, "साहेब, ते ऑडिटरचं काम. आता तुम्ही आमच्यातले."

मित्र भेटायचा, पण बाहेर. पूर्वी रविवारी हक्काने मिसळ खायला घरी येणारा माणूस, तो उंबऱ्याशी यायचा थांबला. पुढे काही वर्षांनी त्याच्या मुलीच्या साखरपुड्यात, भरल्या पंगतीत, तो बायकोला म्हणाला, "काय वहिनी, आमची फर्म मोडून सुखात आहात ना?" पंगत हसली. मी जिलबीत तोंड घातलं. बायकोने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "हो तर. मीच मोडली."

रिक्षात ती एवढंच बोलली, "मी तुमची अब्रू राखली. माझी कधी राखायची, ते तुम्ही ठरवा."

ते ठरवायला मी म्हातारा होईपर्यंत वेळ घेतला. परवा तिला घेऊन मित्राच्या घरी गेलो आणि बसल्या बसल्या सगळं सांगितलं, मोठ्या साहेबांसकट.

तो म्हणाला, "गाढवा, तुला तुझं नाव आधी हवं होतं, तर पाटी उलटी लावली असती की."

मग उठून त्याने खुर्ची बायकोसमोर ओढली. "वहिनी, तुमच्या घरचं खाणं मी याच्या शब्दावर सोडलं. आणि तुम्ही ऐकून घेतलंत?"

"नवरा तुमचा मित्र होता, भावजी. मला वाटलं, आज ना उद्या सांगेल."

"हा? हा ताळेबंदसुद्धा शेवटच्या दिवशी द्यायचा!"

दोघं खळखळून हसले आणि मग संध्याकाळभर माझ्या एकेका खोडीची उजळणी करत बसले. मध्ये मी काही बोलायला गेलो, तर बायको म्हणाली, "तुम्ही जरा गप्प बसा. माझं अजून सांगून व्हायचंय."