भिंतीवर नसलेलं नाव

मी लिहावं की नाही, हे आठवडाभर ठरत नव्हतं. घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच, तेही फौजेतून कानाच्या दुखण्यामुळे परत आल्यावर. काही चुकलं तर माफ करा.

आमची पोस्ट सीमेवर, डोंगरात होती. मी रेडिओ ऑपरेटर. सिपाही प्रमोद मेश्राम माझा बडी, म्हणजे ड्युटीतला जोडीदार. तो रायपूरच्या पुरानी बस्तीतला, मी तिथल्याच बुढापाऱ्यातला. कंपनीत मराठी बोलणारे आम्ही दोघंच. सहाला चहा, सातला मोर्चाची, म्हणजे आमच्या खंदकाची सफाई, मग मी रेडिओ सेट तपासायचो.

"लग्न झाल्यावर बायकोलेही 'ओव्हर' म्हणशीन तू," प्रमोद म्हणायचा.

त्या दिवशी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी समोरून गोळाबारी सुरू झाली. तिसरा गोळा जवळ फुटला. धूर विरला तेव्हा प्रमोद खाली नाल्यात पडलेला दिसला. माझ्या कानात शिट्टी वाजत होती. मी सेटवर कळवलं. पलीकडून आमच्या कंपनीच्या सुभेदारसाहेबांनी विचारलं,

"कैसे गिरा? ओवर."

"पैर फिसला होगा, साब. ओवर."

मी पाहिलं नव्हतं. अंदाजाने बोललो. त्याला वर आणल्यावर काखेखाली स्प्लिंटरची, गोळ्याच्या तुकड्याची जखम दिसली. दहा वाजून पाच मिनिटांनी तो गेला. मी लगेच दुरुस्ती कळवली, पण पहिला मेसेज लॉगमध्ये, म्हणजे संदेशांच्या नोंदवहीत चढला होता.

डॉक्टरांचा कागद एक सांगत होता, लॉग दुसरंच. इन्क्वायरीत मी माझी चूक कबूल केली. तरी मृत्यू लढाईतला की अपघाती, याचा निर्णय लागेना. आमच्या युनिटच्या स्मारकावर फक्त लढाईत गेलेल्यांची नावं कोरतात. स्मृतिदिनी पुष्पचक्र वाहिलं जातं, 'शोक शस्त्र'चा हुकूम होतो, रायफली उलट्या धरल्या जातात, बिगुल वाजतो. मग सुभेदार मेजर भिंतीवरचं एकेक नाव वाचतात आणि प्रत्येक नावाला सगळी पलटण 'हाजिर' म्हणते. प्रमोदचं नाव आलं नाही. मी तोंडातल्या तोंडात 'हाजिर' म्हटलं.

रायपूरला परतल्यावर त्याच्या आईकडे गेलो. काकूंना सगळं सांगितलं.

"तुले दिसलं नोयतं, तं बोलला काहून?"

त्या आत गेल्या, चहा घेऊन आल्या.

"चहा घे," मग म्हणाल्या. "अन लिहीत राहा त्यायले. सोडू नको."

त्याचं नाव भिंतीवर यावं म्हणून मी पलटणीला अर्ज लिहीत राहिलो. पहिला अर्ज मी चार वेळा फाडला होता. पुढचे तेवढे अवघड गेले नाहीत.

गेल्या मंगळवारी लेक्चर सुटल्यावर सुभेदारसाहेबांचा फोन आला. "मेश्राम का नाम लग गया. आज परेड में पढ़ा भी."

मी थेट पुरानी बस्तीत गेलो. काकू तांदूळ निवडत होत्या.

"लागलं, काकू. आज वाचलंही."

त्यांनी सूप खाली ठेवलं. "बाजूले कोनाचं नाव हाय?"

हे मी फोनवरच विचारून घेतलं होतं. "एका बाजूले जुन्या लढाईतले एक हवालदार. दुसरीकडची जागा पुढच्या नावासाठी रिकामी हाय."

"रिकामीच राहू दे," त्या म्हणाल्या.