धाकट्या जावेचा साबण

नाय, मला जरापण वाईट वाटत नाय. गेल्या संक्रांतीला मी केलेले रंगीत साबण धाकट्या जावेनं हळदीकुंकवात स्वतः केलेत असं सांगून वाणात वाटले. माझं नावसुदिक नाय घेतलं.

यंदा विचारायला आली, "वयनी, रंग कसे फिरवायचे?" खरं तर स्टोवर साबण वितळवून रंग ओतले की काडी एकदाच फिरवायची, तरच नक्षी उठते. पण मी तिला म्हटलं, "चांगलं घोटून घोटून ढवळ गो."

आज तिचं हळदीकुंकू झालं. सगळे रंग मिसळून साबण चिखलासारखा. एका बाईनं विचारलं, "वाणात मुलतानी माती दिलीस काय गो?"

जाऊ माझ्यावर उखडली, "तुमीच सांगितलंत ना ढवळायला?"

मी सगळ्यांदेखत म्हटलं, "गेल्या वर्षी तर तुला येत होतं."

बायांनो, तुमी काय केलं असतं? मला शिकवू नका. मी आता एक शब्द बोलणार नाय.