रुवैसला जाणारे कव्हरऑल

अबू धाबीतल्या रुवैसचं काम मिळेपर्यंत बाबांच्या माणसांना युनिफॉर्म नव्हता. एसी दुरुस्तीची छोटी कंपनी, एक पिकअप, पाच माणसं. हाताला लागेल तो शर्ट घालून ते शारजातल्या बिल्डिंगांच्या गच्च्यांवर चढायचे. मग एका दुपारी फॅक्स आला. रुवैसच्या एका प्लांटमधल्या ऑफिसांचे एसी वर्षभर सांभाळायचे. सातवी अट: आत येणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावर शंभर टक्के सुती कव्हरऑल, म्हणजे शर्ट-पँट एकत्र शिवलेला कामाचा पोशाख हवा, छातीवर आणि पाठीवर कंपनीचं नाव हवं.

“हे तू कर,” बाबा मला म्हणाले. “लोगो तुझाच आहे. रंगबिंग तुला कळतात.”

मी एकोणीस वर्षांची होते. बारावी होऊन गेली होती आणि मुंबईच्या कॉलेजच्या पत्राची वाट पाहत मी घरी बसले होते. आईबाबा मराठीत विचारायचे, मी इंग्रजीत एका शब्दात उत्तर देऊन खोलीत जायचे. लेटरहेडवरचा बर्फाचा कण मी कॉम्प्युटरवर काढला होता, तेवढंच काय ते माझं कर्तृत्व. कापड निवडायचं म्हणजे दुकानात जायचं, आणि दुकानात गेलं की बोलावं लागतं.

“सुतीच का?” आईने विचारलं.

“आग लागली तर सिंथेटिक वितळून कातडीला चिकटतं. आणि गेटवर पकडलं तर पास रद्द. मग कामही खलास.”

बाबांना साइटवर जायचं होतं, म्हणून त्यांचे सगळ्यात जुने मेकॅनिक मला रोल्लाच्या बाजारात घेऊन गेले. मी त्यांना चाचा म्हणायचे, ते मला बेबी. एकोणिसाव्या वर्षीही. दुकान अरुंद होतं. काउंटरपाशी तीन-चार पुरुष आपापल्या कंपन्यांच्या याद्या घेऊन उभे होते. दुकानदार माझ्या डोक्यावरून चाचांशीच बोलत होता.

त्याने दोन तागे काढले. दोन्ही निळे. एक मळकट, घडीच्या जागी पांढुरका पडलेला. दुसरा गडद, गुळगुळीत, ट्यूबलाइटखाली हलकासा चमकणारा. माझा लोगो कागदावर छापून आणला होता, तो मी दोन्हींवर ठेवून पाहिला. मळकट कापडावर तो कुणीतरी टाकून दिल्यासारखा दिसत होता. गडद निळ्यावर मात्र थेट कंपनीच उभी राहिली.

“यही, बेबी,” चाचा हात फिरवत म्हणाले. “इसमें आदमी आदमी लगेगा.”

मी गडद कापडाचं टोक मुठीत घट्ट दाबून धरलं आणि सोडलं. एकही सुरकुती राहिली नाही. हे माझ्या लक्षात आलं.

“ये कॉटन है?”

“कॉटन ही है, बेटा. फर्स्ट क्लास. कलर की गॅरंटी.” तोपर्यंत तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलासुद्धा होता.

पुन्हा विचारायला हवं होतं. मागचा माणूस घड्याळ पाहत होता. मी मान हलवली, आणि प्रत्येकाचे दोन असे दहा कव्हरऑल शिवायला गेले.

बुधवारी संध्याकाळी गठ्ठा आला. अल मजाजमधल्या आमच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये पाचही जण ते चढवून उभे राहिले. छातीवर पांढऱ्या दोऱ्याने भरलेला माझा बर्फाचा कण.

“अरे चाचा, हवाई जहाज कहाँ पार्क किया?” एकाने विचारलं.

“नीचे. कोई पार्किंग मिलता है इस बिल्डिंग में?”

बाबा खूप दिवसांनी मोठ्याने हसले. त्यांनी खाली लगूनच्या, म्हणजे खाडीच्या कठड्यापाशी सगळ्यांना उभं करून फोटो काढले. चाचांनी आपल्या फोटोच्या दोन प्रती मागितल्या, गावी पाठवायला. मीही हसत होते, पण माझी मूठ आपोआप मिटत आणि उघडत होती.

गुरुवारी दुपारी आईने मला ते इस्त्री करायला सांगितले. शनिवारी पहाटे निघायचं होतं. मी इस्त्रीचं बटण ‘कॉटन’वर फिरवलं. पहिल्याच बाहीवर इस्त्री जराशी अडकली. उचलली तर खाली रुपयाएवढा चकाकणारा डाग.

आई साडी घेताना पदराच्या टोकाचा एक धागा काढून जाळून पाहते. सूत कागदासारखं जळतं आणि बोटांत चुरलं की राख होते. आई झोपली होती. मी शिवणीच्या आतल्या कडेतून कापडाचा एक धागा काढून गॅसच्या ज्योतीशी धरला. तो जळण्याआधी आक्रसला आणि टोकाला काळा थेंब जमला. गार झाल्यावर तो टाचणीच्या डोक्यासारखा कडक लागला. मी दुसऱ्या कव्हरऑलचा धागा काढला, मग तिसऱ्याचा. गॅसपाशी असे सात मणी झाले.

ते मी टिश्यूत गुंडाळून ड्रॉवरमध्ये ठेवले आणि उरलेले कव्हरऑल कमी आचेवर इस्त्री केले. हो, केले. संध्याकाळी बाबा फोनवर कुणाला तरी सांगत होते, “युनिफॉर्म मुलीने केलेत. एकदम प्रोफेशनल.” मी खोलीतून ऐकत होते. मनात हिशेब चालू होता: गेटवरचा माणूस कापड ओळखेल का? प्लांटमध्ये आग लागते तरी कधी? ऑफिसांच्याच तर एसीचं काम आहे. पण डोळे मिटले की चाचांची बाही दिसायची, कातडीला चिकटलेली.

शुक्रवारी जेवणानंतर मी टिश्यू बाबांसमोर उघडला.

“हे काय?”

“ते कॉटन नाहीये.”

त्यांनी एक मणी नखाने दाबून पाहिला. “दुकानात कळलं नाही?”

“कळलं होतं. थोडं.”

“मग?”

बाबा ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पिकअपची किल्ली उचलली. “चल. यल्ला.”

दुपारच्या नमाजानंतर दुकानं उघडत होती. बाबा गाडीतच बसून राहिले. “तू जा,” म्हणाले. “मी इथे आहे.”

मी आत गेले आणि निळा कव्हरऑल काउंटरवर ठेवला. “ये कॉटन नहीं है.” आवाज इतका बारीक निघाला की दुकानदाराने “हां जी?” केलं. मी पुन्हा म्हटलं. मग काडेपेटी काढली. ती बघताच तो घाईने म्हणाला, “अरे बेटा, दुकान में नहीं! मिक्स है, मिक्स. कॉटन भी है अंदर.”

“सौ टक्का चाहिए. कल सुबह निकलना है.”

शिवून द्यायला वेळच नव्हता. त्याच्याकडे तयार कव्हरऑल होते, मातकट खाकी, ढगळ, सगळे एकाच मापाचे. मी प्रत्येकाचा धागा काढून मागितला आणि बाहेर फुटपाथवर बसून जाळला. पाचही धाग्यांची राख झाली. नाव काळ्या रंगात छापून मिळालं, पाठीवर आणि छातीवर. लोगो नाही.

शनिवारी पहाटे माणसं निघाली तेव्हा रंग पुरता वाळला नव्हता. चाचांनी पायांशी कापड दोनदा दुमडलं होतं. “बेबी, कल पायलट था,” ते म्हणाले, “आज बोरी हूँ.”

दुपारी बाबांचा रुवैसहून फोन आला. “आत घेतलं. पेपर बघितले, पाठीवरचं नाव वाचलं. कपड्याला कुणी हातसुद्धा लावला नाही.”

मी आईला सांगितलं. ती म्हणाली, “म्हणजे निळेही चालले असते.”

चालले असते. दिवसभर ते वाक्य माझ्या डोक्यात घोळत राहिलं.

निळे कव्हरऑल मग शारजातल्या घरगुती कामांना वापरात आले. बाबा म्हणाले, इथे कोण विचारतंय. माणसांना ते आवडायचेच. महिनाभराने चाचा किल्ली द्यायला दारात आले, तेव्हा त्यांच्या उजव्या बाहीवर चार-पाच बारीक भोकं दिसली. तांब्याचे पाइप गॅसच्या ज्योतीने जोडताना ठिणग्या उडाल्या होत्या. मी न राहवून बोट लावलं. प्रत्येक भोकाची कड टाचणीच्या डोक्यासारखी कडक होती.

“चाचा, ये उतार के दे दो. बाकी सबके भी.”

“अरे, इसी में तो फोटो भेजा है घर.”

“फोटो भेज दिया ना? बस.” माझा आवाज चढला होता. आतून बाबा बाहेर आले. मी त्यांना बाही दाखवली. यावेळी दुसऱ्या दिवसाची वाट पाहिली नाही.

बाबांनी बाही बघितली, मग माझ्याकडे बघितलं. “चाचा, दे दो,” ते म्हणाले. “कपड़े का काम अब ये देखती है.”