मंगळवारी भरलेला सिलिंडर

हे मला नांदेडच्या बसस्टँडवर सोडायला आले ते निरोप द्यायला नव्हे, उरलेलं भांडण संपवायला. "निवृत्तीचे पैसे बँकेत गप पडून हायेत, ते बघवंना का तुला?" मी खिडकीतून हात हलवला आणि सुटले एकदाची!

मुदखेडच्या शाळेत मी गणित शिकवलं. माझीच विद्यार्थिनी मंगल आता लातूरला आग विझवायचे लाल सिलिंडर बनवते. कारखाना वाढवायला तिला भागीदार हवा होता. माझी सगळी पुंजी घालायची की नाही, हे आज ठरवायचं होतं. बुडाली तर जन्मभर ह्यांचं ऐकावं लागणार, ही धास्ती वेगळीच.

लोहा मागे पडलं. सोयाबीन निघालेली काळी रानं, मधूनच तुरीचा पिवळा फुलोरा. अहमदपूरच्या अलीकडे बस पंक्चर झाली. शेजारच्या बाईंनी फडकं सोडून धपाटे (ज्वारीच्या पिठाचे तिखट, थापलेले) पुढं केले.

"कुठं चालल्या?"

"लातूरला. आग विझवायच्या सिलिंडरचा कारखाना बघायला."

"अगं बाई! आमची कडब्याची गंजी (रचलेला ढीग) पेटली तवा कुठं होत्या तुम्ही?" म्हणाल्या आणि आणखी एक धपाटा वाढला. मी नाही म्हटलं नाही.

कारखान्यात मंगलनं आधी सुशीला (फोडणीचे भिजवलेले चुरमुरे) खाऊ घातला, मग मागच्या अंगणात नेलं. तिथं पत्र्याच्या परातीत डिझेल ओतलेलं होतं.

"बाई, दर शनिवारी तयार मालातला एक सिलिंडर पाहुण्यानं निवडायचा. ज्यानं भरला, त्यानंच आगीपुढं उभं राहायचं. आमची रीतच हाय."

किनवटच्या मुलींच्या वसतिगृहाला जायचा माल टेम्पोत चढला होता. त्यातला एक मी निवडला. चिठ्ठीवर नाव होतं गंगाबाई, वार मंगळवार. पन्नाशीच्या गंगाबाई पदर खोचून पुढं आल्या. परात भडकली. त्यांनी पिन ओढली, दांडा दाबला. फुस्स! चिमूटभर पावडर पायाशी पडली, बस.

मंगलनं वाळूची बादली उपडी करून आग विझवली. गेले की गं पैसे!

गंगाबाईंनी सिलिंडर उघडायला लावला. आत पावडरीचे खडे झाले होते. "मंगळवारी आभाळ आलं होतं, म्याडम. मी दार उघडं ठेवून भरून राहिले होते. ओल धरली. चूक माझीच."

मंगल ओरडली नाही. "मंगळवारचा सगळा माल उतरवा," एवढंच म्हणाली.

"एकानं काय होतंय ताई?" टेम्पोवाला कुरकुरला.

"तिथं पोरी झोपतात, भाऊ."

माझ्यासमोरच तिनं वसतिगृहाला फोन करून चूक आमची, माल उशिरा येईल, असं सांगितलं. मग माझ्याकडं वळली. डोळे भरलेले. "बाई, आता तुम्ही नाही म्हणालात तरी मी रागावणार नाही."

मला तिचा फार अभिमान वाटला. "रडू नकोस. गंगाबाईंनी बुधवारी भरलेला एक आण. पैसा माझा लागणार, मग आगीपुढं मीही उभी राहते."

"बाई!"

"आण म्हणते ना!"

परात पुन्हा पेटली. मी पिन ओढली. दांडा दाबला आणि पांढरा लोट असा सुटला की आग, परात, मी, सगळंच दिसेनासं झालं. आग विझली होती. गंगाबाई पोट धरून हसल्या. "म्याडम, जात्यावरून उठल्यावानी दिसून राहिल्या!"

परतताना मंगलनं दिलेला नवा सिलिंडर मांडीवर होता. "मावशी, ह्याचं अर्धं तिकीट फाडू का?" कंडक्टर म्हणाला. सगळी बस हसली, मीही.

दारात ह्यांनी माझे पांढरे केस पाहिले. सकाळपेक्षा जरा जास्तच होते.

"घातले पैसे?"

"घातले."

"असं काय बघितलंस?"

"त्यांचा सिलिंडर फसताना बघितला."

हे मटकन बसले. मग मी सगळं सविस्तर सांगितलं. कारखाने मला कळत नाहीत. पण चूक झाल्यावर फळ्यापुढं कोण ताठ उभं राहतं, हे ओळखण्यातच माझी अख्खी नोकरी सरली.

हे उठले. हातोडी आणली आणि स्वयंपाकघराच्या दाराशी सिलिंडर टांगायला खिळा ठोकायला लागले. मागं न वळता विचारलं, "ह्याच्यावर नाव कुणाचं हाय?"

"गंगाबाईंचं."

"मग बिनघोर झोपू."