बिनओरड्याचा इलाज

नवी फिजिओबाई दवाखान्यात रुजू झाली आणि पहिल्याच आठवड्यात लोकांनी ठरवून टाकलं की हिला काही येत नाही. कारण एकच. तिच्या पडद्यामागून कुणाचा आवाज येत नव्हता.

तिच्या आधी तिथे पैलवान होता. खरा पैलवान नव्हे, फिजिओच. पण दंड असे की पेशंट टेबलावर आडवा होण्याआधीच घामाघूम. त्यानं गुडघा वाकवायला घेतला की आतला माणूस मेलेल्या आजोबांनाही हाका मारायचा आणि बाहेर बाकावर बसलेले माना डोलवायचे. "चांगलं करतोय हं!" दुखणं गेलं की नाही, हे नंतर कुणी विचारत नसे. ओरडा दणदणीत निघाला म्हणजे पैसे वसूल. तो पैलवान दुसरीकडे मोठ्या नोकरीवर गेला आणि त्याच्या जागी ही आली. अंगानं काडी, आवाज मऊ, आणि खांद्याला हात लावण्याआधी "लावू का?" असं विचारणारी. आता विचारून हात लावणाऱ्या माणसावर कोण विश्वास ठेवणार?

शिलाईवाल्या काकू गुडघा दाखवून बाहेर आल्या, तेव्हा बाकानं त्यांना घेरलंच.

"काय केलं हो?"

"काय करणार! पाय उचला म्हणाली, उचलला. ठेवा म्हणाली, ठेवला. एवढं तर मी घरबसल्या करते."

दुसऱ्या दिवशी काकू आल्या नाहीत. त्यांच्या मागोमाग निम्मा बाक उठून गेला.

डॉक्टरबाई मनानं वाईट नव्हत्या. त्यांनी तिला आत बोलावून सरळच सांगितलं, "हे बघ, तुझं काम चोख आहे. पण पेशंटच येईनात तर मी तरी काय करू? महिनाअखेरपर्यंत बघू."

महिनाअखेरनंतर काय, हे तिला पक्कं ठाऊक होतं. गावी परत, काकांच्या फरशीच्या दुकानात गल्ल्यावर, आणि येणारा प्रत्येक नातेवाईक फरशी बघता बघता विचारणार, "मग, डॉक्टरकी सोडलीस वाटतं?" ते टाळायला काहीही करायची तिची तयारी होती. एकदा तिनं मन घट्ट करून एकाची पाठ जोरात दाबूनही पाहिली. तो "आई गं" म्हणाला मात्र, हिनंच कळवळून त्याची माफी मागितली. तो पुन्हा आला नाही.

राहता राहिले मास्तर. शाळेत ड्रिल शिकवून रिटायर झालेले. जन्मभर पोरांना "हात वर!" म्हणून ओरडले आणि आता स्वतःचाच उजवा खांदा आखडून बसला होता. पैलवानाच्या धास्तीनं ते इतके दिवस दवाखान्याकडे फिरकलेच नव्हते. अर्थात, हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. नव्या बाईनं त्यांना भिंतीवर बोटं चालवत चालवत हात वर न्यायला शिकवलं. हात कानापर्यंत पोचला आणि तिथे अडला तो अडलाच.

"मास्तर, खांदा मोकळा झालाय. तुम्हीच त्याला भीतीनं धरून ठेवलंय."

"मी कशाला धरू? वेड लागलंय का मला?"

महिन्याच्या शेवटच्या दिवशी मास्तर टेबलावर येऊन झोपले, तर ही भिंतीवरचा आपला हाडांचा तक्ता उतरवत होती. मास्तरांनी खोदून खोदून विचारलं, तेव्हा तिनं सगळं सांगितलं. सांगता सांगता तक्ता गुंडाळून काखेत मारला. मास्तर मात्र भडकले.

"एवढंच ना? ओरडा हवाय ना लोकांना? थांब!"

"नको, मास्तर, ते खोटं..."

पण आख्खं मैदान दणाणून सोडलेला गळा तो, ऐकतोय कुणाचं!

"मेलो! मेलो! सोड, बाई, सोड!"

बाहेर कंपाउंडरच्या हातून गोळ्यांची बाटली सुटली. नुसतं खोकल्याचं औषध न्यायला आलेल्या शिलाईवाल्या काकूंचे डोळे चमकले. "अगंबाई, शिकली वाटतं!" म्हणत त्यांनी बाकावर बूड टेकलं.

आत मास्तरांना आता रंग चढला होता. "खांदा निखळला! मान गेली! पोरांनो, सांभाळा रे आईला!" डॉक्टरबाई तपासता पेशंट तसाच टाकून धावल्या. पोरीनं हात मोडला म्हाताऱ्याचा! त्यांनी पडदा खस्सकन ओढला.

मास्तर उताणे पडले होते. फिजिओबाई कोपऱ्यात दोन्ही कानांवर हात दाबून उभी. आणि मास्तरांचा उजवा हात, कान ओलांडून, डोक्यावरून सरळ मागे, भिंतीला टेकलेला.

"मी हातही लावलेला नाही त्यांना," ती घाबरून म्हणाली.

"मास्तर," डॉक्टरबाई म्हणाल्या, "तुमचा हात बघा."

 मास्तरांनी मान वळवून वर पाहिलं. हात हळूच खाली आणला. पुन्हा वर नेला. गेला की! कुठे अडला नाही.

डॉक्टरबाईंनी पोरीच्या काखेतला तक्ता काढून घेतला आणि होता तिथे टांगला. "उद्या वेळेवर ये," म्हणाल्या.

एव्हाना काकू त्यांच्या मागून डोकावत होत्या. "अहो मास्तर, थांबलात का? ओरडा की!"

मास्तरांनी तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. हात तसाच वर धरून ते लहान पोरासारखे रडायला लागले.