कांजिण्या खडवलीहून आल्या नव्हत्या

ठाकुर्लीला आमचे समोरासमोर दोन ब्लॉक आहेत. एकात मी राहतो, दुसऱ्यात कॉलेजची तीन मुलं भाड्याने. करोनानंतर मी त्यांच्या दाराला आतून नियम चिकटवले. आजारी मुलाने टॉवेल आणि पेला वेगळा ठेवावा. आजार लपवू नये, मालकास तत्काळ कळवावे. साथीचा आजार असल्यास बरे होईपर्यंत घरी जावे. 'तत्काळ'खाली दोन रेघा आहेत. मालक आजारी पडल्यास काय करावे, याबद्दल नियमांत काही नव्हतं.

मागच्या हिवाळ्यात मला नागीण झाली. उजव्या बरगडीखालून पाठीकडे फोडांची ओळ. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या घेतल्या, शिवाय रक्तचंदन उगाळलं. मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं, पण आग माझ्या पाठीची होत होती. माझ्या मुलाला कळवलं नाही. तो बाळकुमला राहतो आणि माझ्या प्रत्येक शिंकेनंतर "बाबा, आता इकडेच या" म्हणतो.

पाठीपर्यंत हात पोचेना. तिघांपैकी खडवलीचा मुलगा सकाळी घरी असायचा, त्याला बोलावलं.

"काका, हातमोजे घालू का?"

"नागीण लागत नाही रे. बोटानेच लाव. आणि कुणाला सांगू नकोस."

तो रोज लेप लावायचा. विळखा पूर्ण झाला की माणूस जातो, हे त्यानेही ऐकलं होतं, म्हणून न विचारता खबर द्यायचा, "तोंड आणि शेपूट अजून लांब आहेत, काका. टेन्शन घेऊ नका."

मी बरा झालो. दोन-तीन आठवड्यांनी तो तोंडभर कांजिण्या घेऊन माझ्या दारात उभा राहिला. नियमाप्रमाणे, तत्काळ.

मधे तो चुलत बहिणीच्या हळदीला खडवलीला जाऊन आला होता. त्यामुळे तपास तिथेच संपला. डबा देणाऱ्या काकूंनी दाराला कडुनिंबाचा पाला खोचला आणि तिघांच्याही डब्यातली फोडणी बंद केली. बाकी दोघांना आजारापेक्षा ते जास्त लागलं.

"हळदीत नाचला हा, आणि बिनफोडणीचं वरण आम्ही गिळायचं."

"अरे, रिटर्न गिफ्ट आणलंय त्याने. सगळ्यांना पुरेल."

मग त्यातल्या एकाने आईला फोन केला. त्याला लहानपणी कांजिण्या झाल्याच नव्हत्या. परीक्षा तोंडावर आली होती. दोघे माझ्याकडे आले आणि म्हणाले, "काका, नियम तुमचाच आहे. त्याला घरी पाठवा."

नागिणीची ठणक उरली होती, म्हणून मी डॉक्टरांकडे गेलो आणि निघताना कांजिण्या कशा लागतात ते विचारलं. ते म्हणाले, "कांजिण्या न झालेल्या माणसाचा हात नागिणीच्या फोडांना लागला, तर त्याला कांजिण्या होऊ शकतात. तुमच्या फोडांना कुणी हात लावला होता का?"

"छे," मी म्हणालो. "मी एकटाच राहतो."

त्याच संध्याकाळी मी त्या मुलाला घरी जायला सांगितलं.

"काका, वहिनीला दिवस गेलेत. मी इथेच आतल्या खोलीत पडून राहतो. हवं तर बाहेरून कडी लावा."

"नियम सगळ्यांना सारखा," मी म्हणालो.

वहिनीला घाईघाईने माहेरी पाठवावं लागलं. भावाने त्याच्याशी बोलणं टाकलं. त्याची प्रॅक्टिकल्स बुडाली. दोघांच्या सांगण्यावरून मी त्याला ब्लॉकच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढलं आणि त्याच्या पलंगावर नवा मुलगा घेतला.

परवा खडवलीला गेलो. तो ओट्यावर बसून सायकलची चेन बसवत होता. मी सगळं सांगितलं. त्याने चेन बसवणं थांबवलं नाही.

"मला माहितीये, काका. इथल्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी विचारलेलं."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्हीच म्हणालेलात, कुणाला सांगू नको." मग हात पुसत म्हणाला, "मला सांगून काय उपयोग? ते दोघं अजून माझा फोन घेत नाहीत. आणि दादा आत आहे."

आत जाऊन भावाला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि मला चहा विचारला नाही. विचारला असता तर मला तो घेता आला नसता.

घरी येऊन त्याला पुन्हा ग्रुपमध्ये घेतलं आणि लिहिलं: नागीण, रक्तचंदन, डॉक्टरांचा प्रश्न, माझं उत्तर. सगळ्यांनी वाचल्याच्या निळ्या खुणा लगेच आल्या. बऱ्याच वेळाने एकाने विचारलं, "काका, गिझर कधी दुरुस्त होणार?"

"गप रे," दुसऱ्याने त्याला लिहिलं. मग खाली, खडवलीच्या मुलाला: "रविवारी ये. डब्याला फोडणी आहे."

त्याने ते वाचलं आहे. उत्तर अजून दिलेलं नाही. ग्रुपही सोडलेला नाही.