गालातली हवा

आमचे अब्बा भोरचे सनईवाले. हिवाळ्यापासून त्यांना जिना चढतानाही धाप लागायची. फुप्फुस झिजलं, असं स्वतःच ठरवून त्यांनी सनई फडक्यात गुंडाळून ठेवली आणि लग्नांना नकार कळवू लागले. मला भारी राग आला. सनईशिवायचे अब्बा म्हणजे दिवसभर अम्मीच्या स्वयंपाकात चुका काढणारा माणूस. त्यांना ओढतच एसटीत बसवलं आणि कापूरहोळच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टर म्हणाले, "फुप्फुस झिजलं असेल तर ते भरून येत नाही. नळ्यांना नुसती सूज असेल तर औषधानं उतरते. श्वासावरून बरंचसं कळेल." सुजलेल्या नळ्यांमधून एक वायू जास्त बाहेर पडतो म्हणे. तो मोजायला त्यांच्याकडे डब्याएवढं यंत्र होतं.

तपासणारी मुलगी म्हणाली, "चाचा, नळीत सावकाश फुंका. पडद्यावरचा ढग दोन रेघांच्या मधे ठेवा. दम तुटू द्यायचा नाही."

तिथंच घोटाळा झाला. सनईवाला हे वाक्य लहानपणापासून ऐकतो. त्याच्या लेखी त्याचा अर्थ असा, की गालात हवा साठवायची, ती सोडता सोडता नाकानं नवी घ्यायची, पण सूर थांबू द्यायचा नाही. अब्बांनी गाल फुगवले. यंत्र ओरडलं तरी ते फुंकतच होते.

"नाकानं श्वास नका घेऊ," मुलगी म्हणाली. "मला छातीतली हवा हवीय, तुम्ही गालातली देताय."

पुन्हा तेच झालं. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गेल्या लगीनसराईतही छातीचा दम पुरत नव्हता आणि अब्बा गालांवर भागवत होते, म्हणून आम्हाला पत्ता लागला नाही. मी ओरडलेच, "अब्बा, वाजवू नका! उसासा टाका! माझं लग्न जमत नव्हतं तेव्हा टाकायचा तसा!"

मुलगी फिसकन हसली. अब्बाही हसले, आणि गाल सैल सोडून त्यांनी एक लांबलचक उसासा टाकला. ढग रेघांच्या मधे गुमान बसून राहिला.

आकडा बराच जास्त आला. डॉक्टर म्हणाले, "सूजच आहे. हा दमा. पंपातलं औषध नेमानं ओढा, बरं वाटलं की खुशाल वाजवा."

"दमा?" अब्बांनी माझ्याकडे पाहिलं. "म्हंजी दम हाय व्हय अजून?"

परतीच्या एसटीत ते म्हणाले, "कामथडीच्या लग्नाला म्या न्हाई म्हनून सांगितलंय. फोन लाव. येतो म्हनावं."

मी फोन लावला. पलीकडून 'हॅलो' आलं तसा त्यांनीच मोबाईल घेतला.